नकलेचा आधार : इंग्लंडच्या मॅनर-न्यायालयातील कॉपीहोल्ड जमिनींचे हस्तांतरण

प्रस्तावना

युरोपातील सरंजामशाहीचा अभ्यास आपल्याकडे बहुधा राजा, सरदार आणि चर्च यांच्या अंगाने केला जातो. प्रत्यक्ष जमीन कसणारा माणूस त्यात 'भूदास' या एका शब्दात आटोपला जातो. या भूदासाच्या वंशजांनी पुढे जमिनीवरील हक्क कोणत्या मार्गाने मिळविला आणि तो कशाच्या आधारे टिकविला, हा प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहतो.

इ. स. १३८१ च्या जून महिन्यात एसेक्स, केंट, हर्टफर्डशायर, सफोक, नॉरफोक आदी परगण्यांतील शेतकऱ्यांनी बंड पुकारले. अनेक ठिकाणी त्यांनी जमीनदाराच्या वाड्यातील किंवा मठातील न्यायालयीन दप्तर बाहेर काढून जाळले. कोणाचा बाप बांधील होता, कोणी किती दिवस वेठ द्यायची, मुलीच्या लग्नासाठी किती पैसे भरायचे, हे सारे त्या चर्मपत्रांवर लिहिलेले होते. दोनशे वर्षांनंतरचे चित्र मात्र उलट दिसते. अशाच दप्तरातील एका नोंदीची नकल शेतकरी आपल्या हक्काचा पुरावा म्हणून जपून ठेवतो आणि प्रसंगी ती घेऊन धन्याविरुद्ध राजाच्या न्यायालयाची पायरी चढतो. जे दप्तर बंधनाचे साधन होते तेच हक्काचे साधन कसे झाले आणि हा हक्क नेमका कोणाच्या पदरात पडला, याचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मॅनर आणि त्याचे न्यायालय

मॅनर म्हणजे एका धन्याच्या ताब्यातील जमीन, तेथील कुळे आणि त्यांच्यावरील त्याचे अधिकार यांचे एकत्रित घटक. मॅनर आणि गाव यांच्या सीमा नेहमीच जुळत नसत. एका गावात दोन-तीन मॅनर असत, तर एखादे मोठे मॅनर अनेक गावांवर पसरलेले असे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आणि १०८६ च्या 'डूम्सडे' पाहणीनंतर ही व्यवस्था अधिक स्पष्टपणे नोंदली गेली.

मॅनरमधील जमीनधारणेचे मुक्त आणि बांधील असे दोन मुख्य प्रकार होते. मुक्त धारणेचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासात सापडते. दुसऱ्या चार्ल्सने १६६८ च्या सनदेने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक १० पौंड खंडाने दिली, ती केंट परगण्यातील ईस्ट ग्रिनिच या राजाच्या मॅनरची जमीन समजून, 'मुक्त सॉकेज' या धारणाप्रकाराने. अशा धारकाचा हक्क राजाच्या न्यायालयात सिद्ध करता येत असे. बांधील कुळाला हा मार्ग बंद होता. त्याची जमीन कायद्याच्या दृष्टीने धन्याचीच होती आणि ते ती धन्याच्या मर्जीने कसत होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस राजन्यायालयांनी अशा कुळांचे जमिनीचे दावे ऐकण्याचे नाकारल्यामुळे त्यांना दाद मागण्यासाठी एकच ठिकाण उरले. ते म्हणजे धन्याचेच न्यायालय.

हे न्यायालय धन्याचा कारभारी चालवीत असे. तेराव्या शतकात ते साधारणतः दर तीन आठवड्यांनी भरे, पुढील काळात मात्र अनेक ठिकाणी वर्षातून एकदा किंवा दोनदाच भरू लागले. निर्णयाचा आधार म्हणजे 'मॅनरची वहिवाट'. ती सांगण्याचे काम कारभाऱ्याचे नसून उपस्थित कुळांच्या पंचांचे असे. कामकाज लॅटिनमध्ये चर्मपत्रावर लिहून त्याची गुंडाळी केली जाई, म्हणून या दप्तराला 'कोर्ट रोल' असे नाव पडले. उपलब्ध कोर्ट रोल तेराव्या शतकाच्या मध्यापासूनचे आहेत. यॉर्कशायरमधील वेकफील्ड मॅनरची मालिका १२७४ पासून १९२५ पर्यंत पसरलेली आहे. एफ. डब्ल्यू. मेटलंड यांनी १८८९ मध्ये मॅनर-न्यायालयांतील निवडक दाव्यांचे संपादन करून या साधनांचे मोल इतिहासकारांच्या निदर्शनास आणले.

हस्तांतरणाची पद्धत

बांधील जमीन कुळाला परस्पर विकता येत नसे, कारण ती विकण्याइतका हक्कच कायद्याने त्याला मान्य नव्हता. या अडचणीतून समर्पण आणि प्रवेश अशी दुहेरी पद्धत रूढ झाली. जमीन सोडणारे कूळ न्यायालयात येऊन कारभाऱ्याच्या हाती एक काठी देई. याचा अर्थ, त्याने जमीन धन्याला परत केली. परंतु हे समर्पण 'अमुक इसमाच्या उपयोगासाठी' आहे, असेही त्याच वेळी नोंदविले जाई. मग कारभारी तीच काठी नव्या कुळाच्या हाती देई. नवे कूळ नजराणा भरून निष्ठेची शपथ घेई आणि कूळ म्हणून दाखल होई. व्यवहार वस्तुतः दोन शेतकऱ्यांमधला असे, परंतु कागदोपत्री जमीन एकाकडून धन्याकडे आणि धन्याकडून दुसऱ्याकडे जाई. आपल्याकडील रयतवारी पद्धतीत जुन्या खातेदाराने राजीनामा आणि नव्याने कबुलायत देऊन सरकारी दप्तरात नाव पालटण्याची जी रीत होती, तिच्याशी या रचनेचे साम्य आहे. उगम मात्र स्वतंत्र आहेत.

या नोंदीची नकल कारभारी नव्या कुळाला देत असे. 'कोर्ट रोलच्या नकलेने जमीन धारण करणारा' तो कॉपीहोल्डर. पंधराव्या शतकात ही संज्ञा स्थिरावली. चौदाव्या शतकातील प्लेगनंतर (१३४८-४९) माणसांची टंचाई निर्माण झाली, पडीक जमिनीसाठी कुळे मिळेनाशी झाली आणि वेठीची जागा हळूहळू रोख खंडाने घेतली. व्यक्तीची बांधिलकी क्षीण होत गेली, पण जमिनीची धारणा वहिवाटीनुसार चालू राहिली. जे कूळ एके काळी 'बांधील' म्हणून ओळखले जाई, ते आता 'नकलधारी' म्हणून ओळखले जाऊ लागले.

वहिवाटीचे तपशील मॅनरगणिक भिन्न होते. पूर्व इंग्लंडमध्ये वारसाहक्काची कॉपीहोल्ड सर्रास आढळते, तर पश्चिमेकडे ती बहुधा तीन व्यक्तींच्या हयातीपुरती असे. काही मॅनरमध्ये वारसा थोरल्या मुलाकडे न जाता धाकट्याकडे जाई. कूळ मरण पावल्यावर अनेक ठिकाणी त्याचे उत्तम जनावर धन्याला द्यावे लागे. त्याला 'हेरियट' म्हणत. वारस पुढे आला नाही तर तीन न्यायालयांत पुकारा करून मगच जमीन ताब्यात घेतली जाई. विधवेला पतीच्या जमिनीत 'फ्रीबेंच' नावाचा हक्क असे, परंतु पुष्कळ ठिकाणी पुनर्विवाह केल्यास तो संपे.

या पद्धतीची लवचीकता लक्षणीय आहे. मरणासन्न कुळाला न्यायालयाची वाट पाहता येत नसेल, तर वहिवाट असेल तेथे दोन कुळांच्या साक्षीने घरीच समर्पण करता येई आणि ती कुळे पुढील न्यायालयात ते जाहीर करीत. कर्ज काढायचे असल्यास सशर्त समर्पण करून जमीन गहाण टाकता येई. मृत्युपत्राने जमीन थेट देता येत नसल्यामुळे आधी 'मृत्युपत्राच्या उपयोगासाठी' समर्पण करून ठेवण्याची रीत पडली. या पूर्वसमर्पणाची आवश्यकता १८१५ च्या कायद्याने संपुष्टात आणली. विवाहित स्त्रीची जमीन द्यावयाची असेल तर कारभारी तिला पतीपासून बाजूला घेऊन तिची संमती स्वखुशीची आहे का, हे विचारत असे. ही चौकशी किती मनापासून होई हे नोंदीवरून कळत नाही, तरी ती करावी लागे आणि केल्याचे लिहावे लागे, ही बाब नगण्य नाही.

नकलेला मिळालेले कायद्याचे बळ

धन्यानेच कुळाला हुसकावून लावले तर काय, या प्रश्नाला पंधराव्या शतकाच्या आरंभी समाधानकारक उत्तर नव्हते. धन्याविरुद्धची तक्रार धन्याच्याच न्यायालयात मांडणे निरर्थक होते. या कोंडीतून चॅन्सरी न्यायालयाने वाट काढण्यास सुरुवात केली. १४६७ मध्ये डॅनबी आणि १४८१ मध्ये ब्रायन या मुख्य न्यायाधीशांनी असे मत व्यक्त केले की, वहिवाटीप्रमाणे देणी देणाऱ्या कुळाला हुसकावल्यास त्याला धन्याविरुद्ध दावा लावता येतो. लिटलटनच्या धारणापद्धतींवरील प्रमाणग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत ही मते समाविष्ट झाली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य कायद्याची न्यायालयेही कॉपीहोल्डरचे दावे नियमितपणे ऐकू लागली.

या प्रक्रियेत एक शब्दप्रयोग निर्णायक ठरला. नोंदीत कूळ 'धन्याच्या मर्जीने, मॅनरच्या वहिवाटीनुसार' जमीन धारण करते असे लिहिले जाई. पूर्वी या वाक्याचा भार 'मर्जी'वर होता, आता तो 'वहिवाटी'वर आला. शब्द तेच राहिले, त्यांचा अर्थ लावणारे न्यायालय बदलले. वहिवाट सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे कोर्ट रोल. धन्याच्या कारभाऱ्याने, धन्याच्या खर्चाने लिहिलेले दप्तर अशा रीतीने धन्यालाच बांधू लागले.

संरक्षणाच्या मर्यादा

तथापि, या संरक्षणाचे मोजमाप करताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. आर. एच. टॉनी यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोळाव्या शतकातील कृषिप्रश्नावरील ग्रंथात कॉपीहोल्डरच्या असुरक्षिततेवर भर दिला. एरिक केरिज यांनी १९६९ मध्ये त्यांना आव्हान देऊन कायद्याचे संरक्षण भरीव होते असे प्रतिपादन केले. दोन्ही भूमिकांत तथ्यांश आहे, कारण धन्याच्या हाती हुसकावण्याखेरीज नजराण्याचे हत्यारही होते. जेथे नजराण्याची रक्कम वहिवाटीने ठरलेली होती तेथे महागाईच्या सोळाव्या शतकात कुळाचा लाभ झाला. जेथे ती ठरलेली नव्हती तेथे वारसाला प्रवेश देतानाच अशी रक्कम मागता येई की ती भरणे त्याला अशक्य व्हावे. वारसाहक्काच्या कॉपीहोल्डवरील नजराणा 'वाजवी' असला पाहिजे, म्हणजे जमिनीच्या दोन वर्षांच्या उत्पन्नमूल्याहून अधिक नसावा, हे तत्त्व न्यायालयांनी कालांतराने रूढ केले. परंतु हयातीपुरत्या धारणेला त्याचा तसा आधार नव्हता. १५४९ मध्ये नॉरफोकमध्ये रॉबर्ट केट यांच्या नेतृत्वाखाली बंड झाले. त्यातील मागण्यांत कॉपीहोल्ड जमिनींचे अवाजवी खंड सातव्या हेन्रीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीवर आणावेत, अशी मागणी होती. १३८१ च्या बंडखोरांनी दप्तर जाळले, तर १५४९ च्या बंडखोरांनी जुन्या दराचा दाखला दिला. शेतकऱ्यांचा दप्तराकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा पालटला होता, हे या दोन घटनांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. नकल ही नाव नोंदलेल्या कुळालाच संरक्षण देत होती. त्याची जमीन प्रत्यक्ष कसणारे पोटकूळ, शेतमजूर आणि गायरानावर एखादे जनावर चारणारे झोपडीवासी यांची नावे कोर्ट रोलच्या हस्तांतरण-नोंदींत बहुधा येत नाहीत. पुढे गायराने बंदिस्त झाली तेव्हा ज्यांच्यापाशी नोंद होती त्यांना मोबदल्यात जमिनीचा तुकडा मिळाला, ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांतील अनेकांच्या हाती काहीच आले नाही. शिवाय हस्तांतरण जितके सुलभ, तितकी खरेदीही सुलभ. जेन व्हिटल यांनी नॉरफोकच्या १४४० ते १५८० या कालखंडाचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांमधील जमीन-बाजार किती क्रियाशील होता आणि मोठ्या धारणा त्यातूनच कशा उभ्या राहिल्या, हे त्यावरून ध्यानात येते. म्हणजे शेजाऱ्याची जमीन घेऊन मोठे होणारे शेतकरीही याच न्यायालयात, याच काठीने कूळ म्हणून दाखल होत होते.

राजकीय हक्काच्या बाबतीतही कॉपीहोल्डर दुय्यम राहिला. परगण्याच्या मतदारसंघात मताधिकार मुक्त धारकांना होता. १७५४ च्या ऑक्सफर्डशायर निवडणुकीत कॉपीहोल्डरांच्या मतांवरून वाद झाला आणि १७५८ च्या कायद्याने त्यांना स्पष्टपणे वगळण्यात आले. १८३२ च्या सुधारणा कायद्याने १० पौंड वार्षिक मूल्याच्या कॉपीहोल्डरांना मताधिकार मिळाला.

कॉपीहोल्डचा अस्त

१६६० मध्ये सरंजामी लष्करी धारणा रद्द झाल्या, पण कॉपीहोल्ड कायम राहिली. १८४१ च्या कायद्याने तिचे मुक्त धारणेत स्वेच्छेने रूपांतर करणे सुलभ केले. १८५२ पासून धनी वा कूळ यांपैकी कोणा एकाच्या मागणीवरून ते करता येऊ लागले. अखेर १९२२ च्या मालमत्ता कायद्यानुसार १ जानेवारी १९२६ रोजी कॉपीहोल्ड संपुष्टात आली. नकलेचे कायदेशीर मूल्य संपले, परंतु तोपर्यंतच्या मालकीची साखळी तिच्यातच असल्यामुळे मॅनरची दप्तरे कायद्याने सुरक्षित करण्यात आली आणि त्यांची नोंदवही तयार झाली. आज ती नोंदवही इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कॉपीहोल्डरचा हक्क धन्याच्या औदार्यातून आला नाही आणि एखाद्या कायद्याने एका दिवसात बहालही केला नाही. जमीन देण्याघेण्याचा प्रत्येक व्यवहार शेजाऱ्यांच्या समक्ष व्हावा, तो लिहिला जावा आणि त्याची नकल कुळाच्या हाती पडावी, या साध्या वाटणाऱ्या तीन गोष्टींतून तो शतकानुशतके साचत गेला. धन्याला नजराणा हवा होता, म्हणून त्याने नोंद ठेवली आणि त्या नोंदीनेच त्याची मर्जी हळूहळू बांधली गेली.

मात्र याच इतिहासाची दुसरी बाजू अभ्यासकाने नजरेआड करू नये. दप्तराने ज्यांना हक्क दिला, त्यांच्याच शेजारी दप्तरात नाव नसलेल्यांची एक मोठी रांग होती. १३८१ मध्ये जाळलेल्या चर्मपत्रांत आपले नाव असल्याचे शेतकऱ्याला भय वाटत होते. चार शतकांनंतर गायरान हातचे गेलेल्या मजुराची व्यथा ही होती की, त्याचे नाव कोणत्याच चर्मपत्रावर नव्हते. भूमिहक्काचा इतिहास लिहिताना नोंदींच्या वाचनाइतकेच त्यांतील मौनाचे वाचनही करावे लागते, हे कॉपीहोल्डच्या अभ्यासातून प्रकर्षाने जाणवते.