४८०० ची रेघ

कराडच्या माझ्या घराच्या गच्चीवर जाळीची आठ फुटी डिश आहे. २००९ साली एका केबलवाल्या मित्राने आपली कंट्रोल रूम आवरली, तेव्हा ती माझ्याकडे आली. सोबत त्याने एक दोनशेपानी वही दिली. बाकीच्या वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. मी इंजिनिअर नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. जुनी यंत्रे उघडून बघता बघता जुने कागद जमवण्याचा नाद लागला, एवढीच माझी पात्रता. पण ही डिश संगणकाला जोडताना जे कोडे पडले, त्याने मला आपल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासातल्या एका आकड्यापाशी आणून सोडले.

डिश मी ९३.५ अंश पूर्वेकडे वळवली होती. तिथे तेव्हा इन्सॅट-४बी होता. मार्च २००७ मध्ये फ्रेंच गयानातल्या कूरूहून सोडलेल्या या उपग्रहावर बारा सी-बँडचे आणि बारा केयू-बँडचे ट्रान्सपाँडर होते. सी-बँडच्या लहरी ४००० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबीला साधारण साडेसात सेंटिमीटर. पावसाला त्या फारशा जुमानत नाहीत, पण त्यांना मोठी डिश लागते. केयू-बँडच्या लहरी ११,००० च्या आसपासच्या, लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आत. त्यांना बाल्कनीत मावेल एवढी डिश पुरते. मात्र पाऊस कोसळू लागला की चित्र जाते. पहिला पट्टा केबलवाल्याचा, दुसरा घरोघरच्या डीटीएचचा. मला दोन्ही एकाच डिशवर हवे होते, म्हणून मध्यभागी जोड-एलएनबी बसवला आणि त्याच्या दोन तारांमध्ये एक छोटा स्विच घातला.

सी-बँडच्या वाहिन्या पहिल्याच संध्याकाळी दिसल्या. केयूची मात्र चार रात्री एकही सापडेना.

कारण समजून घ्यायला थोडे गणित लागते. आकाशातून आलेली कंप्रता एवढी मोठी असते, की ती साध्या तारेतून खाली आणता येत नाही. म्हणून एलएनबी ती आपल्याजवळच्या एका ठरावीक आकड्याशी ताडून लहान करतो. सी-बँडसाठी हा आकडा ५१५०, केयूच्या खालच्या भागासाठी ९७५०. समजा सी-बँडचे प्रक्षेपण ३९०० वर आहे: ५१५० वजा ३९००, उरले १२५०. केयूचे ११,००० वर आहे: ११,००० वजा ९७५०, उरले पुन्हा १२५०! तारेच्या खालच्या टोकाला दोन्ही सारखेच. रिसीव्हरला त्यातला फरक कळायची सोय नाही. तो आपण लिहून सांगावा लागतो.

मी वापरत होतो ती व्हीडीआर नावाची मोफत प्रणाली, क्लाउस श्मिडिंगर या जर्मन प्रोग्रामरने लिनक्ससाठी लिहिलेली. तिच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीत उपग्रहाचे स्थान, एक सीमा-कंप्रता, ध्रुवण, एलएनबीचा आकडा आणि स्विचची आज्ञा लिहायची असते. मागितलेली कंप्रता ज्या ओळीच्या सीमेच्या आत बसते, अशी पहिली ओळ प्रणाली उचलते. मी ९३.५ अंशासाठी सगळीकडे ५१५० च लिहिले होते. त्यामुळे ११,००० मागितले की उत्तर यायचे ५८५०, आणि ट्यूनरची धाव ९५० ते २१५० पर्यंतच. चूक माझीच होती. एकाच उपग्रहासाठी ओळींचे दोन संच हवे होते: खालच्या सीमेचा सी-बँडसाठी, वरच्या सीमेचा केयूसाठी.

आता सीमा कुठे आखायची? ४२०० आणि १०,७०० यांच्यामधला कोणताही आकडा चालला असता. माझ्या हातून लिहिला गेला तो ४८००. का, ते लिहून झाल्यावर आठवले.

जुलै १९९७ मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचे संदेश पकडणारी सामग्री परवान्याशिवाय बाळगायला, वापरायला, विकायला बंदी घातली. त्या सुमारास स्टारने 'आयस्कायबी' या नावाने थेट घरोघरी सेवा देण्याची तयारी चालवली होती. ती तिथेच थांबली. अधिसूचनेत कोणत्या कंपनीचे नाव घ्यायची गरजच नव्हती. एका आकड्याने रेघ ओढली: खाली केबल, वर बंदी. बंदी उठवण्याचा निर्णय नोव्हेंबर २००० मध्ये झाला आणि मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत परदेशी भांडवलावर ४९ टक्क्यांची मर्यादा होती आणि भूकेंद्र भारतातच असण्याची अट होती. डिश टीव्ही ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाले आणि दूरदर्शनची बिनशुल्क डीडी डायरेक्ट प्लस सेवा डिसेंबर २००४ मध्ये.

म्हणजे अधिसूचनेपासून पहिल्या डीटीएच सेवेपर्यंत सहा वर्षे गेली. आपल्याकडे उपग्रहवाहिन्यांचा इतिहास सांगताना आखाती युद्ध, १९९१ चा स्टार, २ ऑक्टोबर १९९२ चा झी असे टप्पे सांगतात. ते बरोबरच आहे. पण तो वाहिन्यांचा इतिहास झाला. त्या वाहिन्या घरात कुणी आणल्या, याचे उत्तर या सहा वर्षांत दडले आहे. गल्लीबोळांतून तारा टाकणाऱ्या केबलवाल्याला या काळात आकाशातून स्पर्धक नव्हता. सरकारला त्याचे भले करायचे होते असे माझे म्हणणे नाही. परदेशी प्रक्षेपण थेट घरात उतरण्याची चिंता होती, आणि त्या चिंतेचा लाभ त्याच्या पदरात पडला. माझ्या मित्राने दुसरी कंट्रोल रूम याच काळात उघडली.

हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आम्हाला कुठलं ठाऊक? आम्ही आपले डिश फिरवत होतो."

त्याची वही मी पुन्हा उघडली. पानोपानी वाहिनी, कंप्रता, तारीख. सगळे आकडे चार अंकी, सगळे ४२०० च्या आत. २००५ च्या एका पानावर मात्र लाल शाईत एकच पाच अंकी आकडा आहे. समोर वाहिनीचे नाव नाही, नुसते लिहिले आहे : 'समोरच्या बिल्डिंगवर छोटी डिश.'

अशा वह्या गावोगावच्या बंद कंट्रोल रूममध्ये अजून पडून असतील. डिशचे लोखंड भंगारात जाईल, त्याला इलाज नाही. वह्या तेवढ्या जाऊ देऊ नयेत. कुणाच्या घरी असेल तर रद्दीवाल्याच्या आधी एकदा उघडून पाहावी, आणि पहिला पाच अंकी आकडा कोणत्या तारखेचा आहे ते टिपून ठेवावे.