हत्यार कोणाच्या हाती?

साल १८५१. तुम्ही देऊळगाव राजात उभे आहात. मुलूख निजामाचा. बालाजीच्या देवळापासून बाजारापर्यंत एकच विषय, तोही दबक्या आवाजात: अरब. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांच्या घराण्यातले बाजीराव हे इथले राजे. त्यांच्या निशाणाखालचे अरब शिपाई निजामाच्या फौजेशी लढले आहेत. आता सगळे राजांवर शेकणार, हे लोकांनी ओळखले आहे. तसेच झाले. वतन जप्त झाले आणि १८५६ मध्ये बाजीराव राजकैदी म्हणूनच वारले.

लगेच पुढे निघू नका. बाजारातल्या त्या कुणब्याकडे बघा. त्याच्याकडे विळा आहे, कुऱ्हाड आहे. बंदूक मात्र ज्याच्यापाशी शिपायाचा पगार द्यायला पैसा, त्याची. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, इंग्रजांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारकडे जाईल. म्हणजे फौज पोसली जाणार ती याच कुणब्याच्या शेतसाऱ्यातून.

हत्यार कोणाच्या हाती, हाच प्रश्न घेऊन आता पुढे चला. १९४८ चा डिसेंबर लागला आहे. तुम्ही दिल्लीत, संविधान सभेच्या प्रेक्षक सज्जात बसला आहात. खाली मसुद्याच्या तेराव्या कलमावर चर्चा चालू आहे. हेच पुढे एकोणिसावे कलम होणार आहे. बोलायला उठलेले हरी विष्णू कामत तुमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा माणूस. नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी त्यांची दुरुस्ती आहे. अर्थात, कायद्याने घातलेल्या नियमांच्या अधीन राहून.

ही मागणी हवेतून आलेली नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी केली आणि गोऱ्यांना सूट दिली. तो अपमान काँग्रेस विसरली नव्हती. १९३१ च्या कराची अधिवेशनाने हा हक्क ठरावात घातला होता.

ऐकता ऐकता तुम्हाला कामतांचे पटू लागते. का पटू नये? देऊळगाव राजापासून जालना किती जवळ, आणि जालना कालपरवापर्यंत निजामाचे. हद्दीपलीकडे निजामाच्या बाजूचे रझाकार हत्यारे घेऊन फिरत होते. तेव्हा आपल्या घरात बंदूक असती तर, हा विचार सरहद्दीवरच्या माणसाच्या मनात येणारच. त्या भीतीला कोणी हलके लेखू नये.

मग डॉ. आंबेडकर उत्तर देतात. ज्याला त्याला बाजारात जाऊन मारण्याची साधने विकत घेता येऊ लागली, तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांचा सवाल आहे. नुसते नियमन करण्याचा अधिकार राज्याच्या हाती ठेवून भागणार नाही. एकदा हक्क मूलभूत ठरला की धोकादायक माणसालाही तो नाकारणे अवघड. ते आणखी पुढे जातात. आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देशावर वेळ आली तर राज्याने कोणालाही हाक मारावी.

याच वर्षी ३० जानेवारीला, याच शहरात, गांधीजींवर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या. फाळणीच्या कत्तली तर सभागृहातल्या प्रत्येकाला आठवतात. कामतांची दुरुस्ती नामंजूर होते.

मला विचाराल तर सभेचा निर्णय योग्य होता, आणि त्याचा पुरावा आपल्याच सरहद्दीवर आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी जिवावर उदार होऊन झुंज दिली, हे खरेच. पण रझाकारांचा जाच संपला तो सप्टेंबर १९४८ मध्ये, सरकारने जबाबदारी ओळखून फौज पाठवली तेव्हा. घरोघरी बंदुका असत्या, तर त्या आधी पैसेवाल्याच्या आणि गुंडाच्या घरी पोचल्या असत्या. बाजारातल्या त्या कुणब्याच्या वाट्याला पुन्हा विळाच.

लिटनचा कायदा पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने मोडीत काढला. परवाना मात्र राहिला. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि लग्ना-समारंभात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. सरकारी विधेयकात मर्यादा एकाच बंदुकीची होती. तीच ठेवायला हवी होती.

हा कायदा पुन्हा चर्चेला येईल. तेव्हा आपल्या खासदाराला एवढे जरूर विचारा: ज्याच्याकडे हत्यार नाही, त्याच्या संरक्षणाचे तुम्ही काय करणार?