विसाराचा हरवलेला अर्धा नियम

जुनी मोटार घ्यावयाचे ठरते. गाडी पसंत पडते, विसार म्हणून काही रक्कम मालकाच्या हाती जाते, आणि चार दिवसांनी दुसरीकडे बरी गाडी दिसते. घेणाऱ्याचे मन फिरते. तो पैसे परत मागावयास गेला की उत्तर ठरलेले, 'विसार परत मिळत नसतो.' (मालकाने दोष लपविला असेल तर गोष्ट निराळी, येथे विचार केवळ मन पालटलेल्या गिऱ्हाइकाचा आहे.) हा नियम फार जुना आहे खरा, पण आपल्या कानी येतो तो त्याचा अर्धाच भाग.

आपण विसार किंवा इसार म्हणतो, इंदूर-ग्वाल्हेरकडे बयाणा म्हणतात, आणि बेळगावकरांना कानडीतला 'संचकार' ठाऊक असेल. हा शेवटचा शब्द मोठा बोलका आहे. 'सत्यंकार' या संस्कृत शब्दाचे ते रूप. बोललेले खरे करण्यासाठी जे द्यावयाचे ते सत्यंकार. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हा शब्द आला असून, असे द्रव्य दुप्पट परत करावे, एवढेच तेथे सांगितले आहे. ते कोणी आणि केव्हा करावे, हे विज्ञानेश्वराने उलगडले. सहावा विक्रमादित्य चालुक्य (१०७६ ते ११२६) याच्या कल्याणी राजधानीत, म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, त्याने मिताक्षरा लिहिली. त्याचे उदाहरण अंगठीचे आहे. खरेदीविक्री ठरताना एकाने दुसऱ्याच्या हाती अंगठी ठेवली. देणाराच मागे फिरला, तर अंगठी गेली. ज्याच्या हाती ती दिली तो फिरला, तर त्याने दुप्पट भरावे.

नवल असे की, ५३३ साली जस्टिनियन बादशहाच्या रोमन कायद्याच्या ग्रंथातही हाच न्याय आहे. फ्रान्सने तो १८०४ च्या नागरी संहितेत घेतला, आणि पोर्तुगालने १८६७ च्या. गोव्यातील वडीलधाऱ्यांना 'सिनाल' हा शब्द आठवेल. सिनाल देऊन विक्रीचे वचन झाले आणि ते मोडले, तर देणाऱ्याने ते गमवावे वा घेणाऱ्याने दुप्पट परतवावे, असे त्या संहितेत होते. दोघांचेही हात बांधलेले.

ब्रिटिश अमलात आपल्याकडे न्यायालयांनी इंग्लंडची रीत उचलली, आणि तीत दुपटीचा भाग नाही. व्यवहार पुरा झाला तर विसार किमतीत जमा, घेणाऱ्याच्या दोषाने मोडला तर बुडाला, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२६ साली सांगितले. मालक फिरला तर तो विसार परत करील. त्याहून अधिक हवे असेल तर आपले नुकसान घेणाऱ्याने शाबीत करावे.

याची झळ केवढी बसू शकते, ते पानागढच्या खटल्यात दिसते. महायुद्ध संपल्यावर बंगालमधील पानागढ येथे पडून राहिलेले विमानांचे मोडीत निघालेले सामान एका कापडगिरणीने १९४६ च्या नोव्हेंबरात दहा लाखांना घेण्याचे ठरविले. पंचवीस टक्के, म्हणजे अडीच लाख, आधी भरले. उरलेली रक्कम ठरल्या रीतीने भरली गेली नाही, आणि विकणाऱ्या कंपनीने अडीच लाख जप्त केले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली निकाल लागला तो गिरणीच्या विरुद्ध. अडीच लाख हा विसारच होता, असे ठरले.

मात्र आधी दिलेला प्रत्येक रुपया विसार नव्हे. १९६३ साली दिल्लीतील एका बंगल्याच्या दाव्यात याच न्यायालयाने एक हजाराचा विसार विकणाऱ्याकडे राहू दिला. पण पुढे दिलेले चोवीस हजार, करारात जप्तीचे कलम आहे एवढ्यावरून, त्याला घेऊ दिले नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम वाजवी भरपाईपुरतेच देते. तेव्हा मोटारीच्या पावतीवर 'विसार' लिहिले आहे की 'किमतीपोटी आगाऊ', हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. मालक फिरल्यास दुप्पट द्यावे, हे विज्ञानेश्वराचे कलमही तीत लिहून घेता येते. पण न्यायालय तेथेही वाजवी भरपाई किती, हेच विचारील.