समुद्र नसलेल्या गावातला खेकडा

कोल्हापूरच्या खाद्यसंस्कृतीवर बोलायला बसलेला माणूस दुसऱ्याच वाक्यात तांबड्या-पांढऱ्या रश्शावर येतो. त्यात गैर काही नाही; आम्हीही तेच करतो. परंतु या रश्शाच्या कीर्तीने दोन पदार्थ असे काही झाकून टाकले आहेत की ते या मातीचे आहेत हे सांगताना पुरावा द्यावा लागतो. एक, पावसाळ्यातल्या खेकड्यांचा रस्सा आणि दुसरा, सुकटीचे कोरड्यास. 'समुद्र नाही तिथे खेकडे-कोळंबी कुठली?' हा प्रश्न पुण्या-मुंबईकडचे स्नेही हमखास विचारतात. या प्रश्नात एक भूगोलाची चूक आहे आणि एक इतिहासाची.

भूगोलाची चूक लवकर निस्तरता येते. खेकडा हा केवळ समुद्राचा जीव नव्हे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा हा सगळा भाताचा पट्टा. मृगाचा पाऊस लागला, ओढे खळाळू लागले की बांधांच्या बिळांतून खेकडे बाहेर पडतात. रात्री बत्ती घेऊन ते धरायला जाणे हा तिथल्या पोरासोरांचा उद्योग. पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्याही याच डोंगरउतारावरून येतात. किनाऱ्यावरच्या माणसाची कुर्ली वेगळी आणि आमचा खेकडा वेगळा. आमचा आकाराने लहान, कवचाने टणक, मांसाने बेताचा. म्हणूनच त्याची पाककृतीही निराळी. प्राणिशास्त्रज्ञांना या जीवाची ओळख अजून पुरती झालेली नाही. पश्चिम घाटातल्या काही गोड्या पाण्यातल्या खेकड्यांसाठी 'घाटियाना' ही नवी प्रजाती मांडली गेली ती 2014 साली.

इतिहासाची चूक अधिक रंजक आहे. कोल्हापूरला समुद्र नव्हता असे नाही. तो होता आणि गेला. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात होता. 1765 साली इंग्रजांनी तो घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नावही दिले, आणि पुढच्याच वर्षी, जिजाबाईंच्या कारभारात, तो तहाने परत केला. अखेर 1812 च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले आणि करवीर राज्याचा किनारा संपला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते आपण वर्गात राजनीतीचा गद्य नमुना म्हणून शिकवतो. त्या अमात्यांच्या घराण्याची जहागीर बावड्याची, म्हणजे घाटमाथ्यावरची, जिथून खाली उतरले की कोकण, हे मात्र सांगायचे राहून जाते. घाटावर बसून समुद्राचा विचार करणे ही त्या काळी चैन नव्हती, ती राज्याची गरज होती.

राज्याची सीमा बदलली म्हणून बैलांची वाट बदलत नाही. फोंडा, आंबा, बावडा या घाटांनी मीठ आणि वाळवलेली मासळी वर येत राहिली, धान्य आणि गूळ खाली जात राहिला. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 साली, ती मिरजेकडून, समुद्राकडून नव्हे. ताजी कोळंबी इथल्या स्वयंपाकघरात पोहोचायला मोटार आणि बर्फ यांची वाट पाहावी लागली. तोवर कोळंबी म्हणजे सुकट. आजही आठवडी बाजारात सुकट-बोंबलाची पाले मिरच्यांच्या शेजारीच लागलेली दिसतात, आणि ही शेजारधर्माची मांडणी मला तरी योगायोगाची वाटत नाही.

कारण सुकटीला कोल्हापुरी करणारी गोष्ट मिरचीच. मिरची पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरली आणि तिथून घाट चढली. कोकणाने तिला ओल्या नारळात आणि आमसुलात बसवले. घाटावर ओला नारळ दुर्मीळ; तिथे तिला सोबत मिळाली ती कांदा, लसूण, सुके खोबरे आणि तिळाची. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात वाळवून, मसाला भाजून, डंकावर कुटून वर्षाची 'चटणी' करायची. (बाहेरच्यांनी ध्यानात घ्यावे: कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे. भाजीत, आमटीत, रश्शात पडणारे तिखट ते चटणी. या एका शब्दावरून आमच्या घरी आलेल्या विदर्भातल्या सुनेची आणि सासूची पहिल्या आठवड्यातच गंमत झाली होती.) तव्यावर कोरडीच परतून, डोकी-शेपट्या चोळून काढलेली सुकट, तेलात भरपूर कांदा, वर चटणी, चिंचेचा कोळ किंवा कोकणातून आलेले एखादे आमसूल. एवढ्यावर चार भाकरी जातात. वांगे घातले की ती सहा माणसांना पुरते. पुरवठ्याचा हा हिशेब या पाककृतीच्या गाभ्यातच आहे.

खेकड्यांच्या रश्शात तर तो अधिकच दिसतो. माझी आत्या भुदरगडाकडे दिलेली. तिच्याकडे पावसाळ्यात पाहिलेली रीत अशी: खेकडे आधी खळखळून धुवायचे, नांग्या मोडून बाजूला ठेवायच्या, पाठीचे कवच उचकटून आतले केसाळ कल्ले काढून टाकायचे, पिवळा भाग मात्र जपायचा. बारीक पाय फेकायचे नाहीत. ते पाट्यावर वरवंट्याने ठेचायचे, पाणी घालून फडक्यातून पिळायचे आणि तो गढूळ रस बाजूला ठेवायचा. कांदा आणि सुके खोबरे चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेले, तीळ, थोडी खसखस, आले-लसूण, कोथिंबीर. हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे, मग चटणी, मग नांग्या आणि धडे, आणि शेवटी तो रस. तो उकळला की रश्शाला जो दाटपणा येतो तो खोबऱ्याचा नसतो. चार खेकड्यांत दहा माणसांचे कालवण व्हायचे असेल तर पायांतलेही काही सोडून चालत नाही, हे त्या ठेचण्यामागचे अर्थशास्त्र. रस्सा चांगला रटरटल्याशिवाय आत्या कोणाला ताटावर बसू देत नसे. गोड्या पाण्यातल्या अर्ध्या-कच्च्या खेकड्यातून फुप्फुसाच्या कृमींचा रोग होऊ शकतो, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. तिच्याजवळ त्याचे शास्त्र नव्हते, शिस्त होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सारे लिहिलेले कुठे आहे? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच घराण्याचे मांडलिक. त्यातल्या अन्नभोगात मासे आहेत, कासव आहे, नदीकाठच्या शेतांतले उंदीर भाजण्याची कृतीसुद्धा आहे. राजा उंदीर खातो तेव्हा तो संस्कृत श्लोकाचा विषय होतो. तोच शेतातला जीव शेतमजुराच्या चुलीवर गेला की त्याची नोंद होत नाही, उलट ती खाणाऱ्याच्या जातीची खूण ठरते. छापील मराठी पाकशास्त्राची सुरुवात 1875 च्या 'सूपशास्त्रा'पासून धरतात. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्रा'त मासळी आली, पण ती मुंबईच्या पाठारे प्रभू स्वयंपाकघरातून, समुद्राची आणि प्रतिष्ठेची. भाताच्या बांधावरचा खेकडा या ग्रंथपरंपरेच्या बाहेरच राहिला. त्या जगातल्या अन्नाला मराठीत शब्द दिले ते दलित लेखनाने. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) कोकणातल्या अभावाच्या घरांतली मासळी आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) तर मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या अन्नाचीच नोंद करते. दक्षिण महाराष्ट्राचे असे पुस्तक अजून माझ्या हाती आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी बोलीच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना घरातल्या स्वयंपाकाचे शब्द गोळा करायला सांगितले होते. घाटाकडच्या एका मुलीने वहीत लिहिले: 'रविवारी मटण, तांबडा-पांढरा रस्सा.' तोंडी परीक्षेत विचारले, महिन्यातून किती रविवार? ती हसली. मग खेकड्याच्या बिळात हात कसा घालायचा, अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ का मानतात, सुकट भाजताना शेजारच्यांना वास जाऊ नये म्हणून आई खिडकी कशी लावून घेते, असे वीस मिनिटे सांगत राहिली. वहीत मात्र यातले एक अक्षर नव्हते. आम्ही तिला वही पुन्हा लिहायला लावली; गुण कापले नाहीत. मटणाची ओळख तिला हॉटेलांच्या पाट्यांनी दिली होती आणि शहरात खोली घेऊन राहायचे तर तीच सोयीची होती, हे न समजण्याइतके आम्ही दूर राहत नाही.

दरम्यान खेकडाही कमी होतो आहे. भाताच्या जागी ऊस आला, औषधफवारणी आली, पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या नित्याच्या झाल्या. शिवाय गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी समुद्रातल्या कुर्लीसारखी पाण्यात लाखोंनी पिले सोडत नाही. मोजकी अंडी आणि त्यांतून निघालेली पुरती घडलेली पिले ती पोटाखालच्या झडपेत सांभाळते. ती ज्या दिवसांत बिळाबाहेर येते तेच दिवस धरपकडीचे. आत्या खेकडा उलटा करून आधी पोट पाहत असे. झडपेखाली पिले वळवळताना दिसली की खेकडीण परत ओढ्यात. सोडायला बहुधा मलाच पाठवत, आणि पावसात दोन शेते तुडवून परत येईपर्यंत चुलीवरचे वाटण भाजून झालेले असे.