मोखा बंदर आणि बर्फाचा पेला

गेल्या वैशाखांतील एका रविवारीं दुपारीं आमच्या स्वयंपाकघरांत एक लहानसा स्फोट झाला. धाकट्या कन्येनें नुकतीच उकळलेली कॉफी, कोकोची पूड आणि साखर मिक्सरच्या भांड्यांत घालून वर झांकण घट्ट बसविलें व कळ फिरविली. पुढच्याच क्षणीं झांकण उडालें, आणि छताच्या पांढऱ्या रंगावर तांबूस-काळा असा एक नकाशा उमटला. तो अजून तसाच आहे. उकळता द्रव बंद भांड्यांत घुसळला म्हणजे वाफ एकदम मोकळी होते, व वाट मिळाली नाहीं तर ती वाट करून घेते, हा पदार्थविज्ञानाचा पाठ तिला ठाऊक होता. पण पाठ ठाऊक असणें आणि तो वेळेवर आठवणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आम्हां शिक्षकांना परीक्षेच्या दिवसांत नित्य दिसतें. तिला करावयाचें होतें तें पेय म्हणजे बर्फाबरोबर घुसळलेली चॉकोलेटची कॉफी. शहरांतील कॉफीच्या दुकानांत तिला ‘मोका’ म्हणतात, आणि तिची किंमत वाचून माझ्या पिढीच्या माणसाला बर्फाशिवायच थंडी वाजते. फरशी पुसतां पुसतां तिनें मला विचारलें, “बाबा, मोका म्हणजे काय?” इतिहासाच्या अध्यापकाला असा प्रश्न विचारणें म्हणजे आपण होऊन तासभर गुंतून पडणें होय, परंतु त्या दिवशीं फरशीहि बरीच पुसावयाची होती.

मोका हें मूळचें मोखा. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोंकाजवळ, येमेनच्या किनाऱ्यावर हें बंदर आहे. मौज अशी, कीं ज्याच्या नांवानें सारें जग शतकानुशतकें कॉफी प्यालें त्या गांवांत कॉफी पिकत नव्हती. तो किनारा रखरखीत वाळूचा. कॉफी पिके ती आंतल्या डोंगरांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत. तेथून ती बैत-अल-फकीहच्या बाजारांत येई आणि मग मोख्याला जहाजावर चढे. सतराव्या शतकांत सुरतेचीं जहाजें कापड घेऊन या बंदरास जात, व गुजराती वाण्यांची तेथें चांगली वस्ती होती. डच, इंग्रज, फ्रेंच यांनींहि पुढें तेथें व्यापार मांडला. युरोपला कॉफी मिळे ती मुख्यतः या एका दारांतून. म्हणून दाराचेंच नांव मालाला पडलें, जसें कालिकतच्या कापडाला इंग्रजीत ‘कॅलिको’ हें नांव पडलें.

हा मक्ता टिकला नाहीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनीं जावा बेटांत कॉफीची लागवड केली. १७१५ च्या सुमारास फ्रेंचांनीं बूर्बों बेटांत, म्हणजे आजच्या रेयुनियोंत, ती नेली व त्यानंतर थोड्याच वर्षांत वेस्ट इंडीजमध्यें. अठराव्या शतकाच्या शेवटीं जगांतील जवळजवळ निम्मी कॉफी एकट्या सें-दोमिंगमधून, आजच्या हैतींतून, येत होती. ती पिकविणारे हात आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे होते, आणि १७९१ मध्यें तेच हात उठले. इकडे मोख्याचें महत्त्व ओसरत गेलें. १८३९ मध्यें इंग्रजांनीं एडन घेतल्यावर उरलासुरला व्यापारहि तिकडे वळला. बंदर गेलें, नांव राहिलें. मोख्याच्या दाण्याला चॉकोलेटची छटा आहे असें शौकीन लोक म्हणत. फ्रेंच हलवाई ‘मोका’ म्हणून केक करीत तो कॉफीच्या स्वादाचा. पुढें विसाव्या शतकांत, विशेषतः अमेरिकेंत, कॉफी व चॉकोलेट यांच्या जोडीलाच हें नांव चिकटलें. आपल्या नांवांत चॉकोलेट शिरलें आहे ही वार्ता त्या बंदराला कधीं पोंचली असेल असें वाटत नाहीं.

चॉकोलेटचा मुलूख अगदीं दुसऱ्या दिशेला. मेक्सिकोंतील ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून त्यांचें कडू पेय करीत, त्यांत मिरची घालीत आणि एका भांड्यांतून दुसऱ्यांत उंचावरून ओतून त्यावर फेंस आणीत. तें पेय ते बहुधा थंडच पीत. १५१९ मध्यें स्पॅनिश लोक तेथें आले. पुढें त्यांनीं तें ऊन केलें, त्यांत साखर घातली, आणि फेंस आणण्यासाठीं दातेरी डोक्याची एक लांकडी दांडी वापरूं लागले. ती दोन्हीं तळहातांमध्यें धरून गरगर फिरवावयाची. तिचें चित्र पाहिलें म्हणजे कोणाहि मराठी गृहिणीला ती ताकाची लहान रवीच वाटेल. कॉफीशीं चॉकोलेटची गांठ युरोपांत पडली. इटलींतील ट्यूरिन शहरांत कॉफी, चॉकोलेट आणि दुधाची साय एका लहानशा काचेच्या पेल्यांत देण्याची जुनी चाल आहे. त्याला ‘बिचेरिन’ म्हणतात, व ज्या उपाहारगृहानें तें नांव धारण केलें आहे तें १७६३ पासूनचें आहे. परंतु बिचेरिन हें ऊन पेय आहे. तेव्हां आमच्या कन्येच्या पेल्यांतील दोन भाग अडीचशें वर्षांचे सोबती ठरतात. नवा आहे तो तिसरा, म्हणजे गारवा. आणि माझ्या मतें इतिहासांत सर्वांत कष्टानें मिळालेला भागहि तोच.

उन्हाळ्यांत बर्फ ही बादशहांची मिजास होती. अकबराच्या दरबारीं सोऱ्यानें पाणी थंड करीत आणि लाहोरास असतांना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ होडीनें, गाडीनें व हमालांकरवीं येई, असें अबुल फजलनें नोंदविलें आहे. ती मिजास बाजारांत आणण्याचा ध्यास घेतला तो बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या तरुणानें. १८०६ मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें गोठलेल्या तळ्याचा बर्फ कापून एका जहाजांत भरला आणि तो फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटास नेला. गांवांतल्या लोकांनीं त्याची थट्टा केली. मार्टिनिक हें साखर, कॉफी व कोको पिकविणारें गुलामांच्या कष्टाचें बेट. म्हणजे आपल्या पेल्यांतील दुधाखेरीज सारें सामान त्या दिवशीं तेथें एकत्र आलें होतें. बर्फ ठेवण्यास कोठार मात्र नव्हतें. ट्यूडरनें एका उद्यानगृहाच्या मालकाला आइस्क्रीम करून दाखविलें, लोकांनीं तें खाल्लेंहि. पण बाकीचा माल डोळ्यांदेखत वितळला व त्याला हजारों डॉलरांची खोट आली. पुढें कर्जापायीं त्याला तुरुंगहि पाहावा लागला.

तरी तो सोडीना. लांकडाच्या भुशांत बर्फ बांधला तर तो टिकतो हें त्यानें अनुभवानें ठरविलें. १८२५ मध्यें नॅथॅनिएल वायेथनें घोड्यानें ओढावयाचा बर्फ कापण्याचा नांगर तयार केला, त्यामुळें सारख्या आकाराचे तुकडे निघूं लागले व ते एकमेकांना लागून रचतां आले. १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याकडे निघालें. त्याला विषुववृत्त दोनदां ओलांडावयाचें होतें. सप्टेंबरांत तें हुगळीस लागलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. सरकारनें जकात माफ केली, माल रात्रीं उतरविण्याची सवड दिली, आणि गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांनीं ट्यूडरच्या भागीदारास चांदीचा पेला नजर केला.

आतां जी गोष्ट सांगतों ती मला या साऱ्या प्रकरणांत सर्वांत मोलाची वाटते. याच सुमारास ट्यूडरनें कॉफीच्या सट्ट्यांत हात घातला. भाव चढतील या आशेनें सौदे केले, भाव उतरले, आणि तो दोन लाखांहून अधिक डॉलरांच्या कर्जांत बुडाला. तें कर्ज फेडावयास त्याला सुमारें पंधरा वर्षें लागलीं, आणि तें फेडलें तें मुख्यतः हिंदुस्थानांत विकलेल्या बर्फाच्या नफ्यांतून. कॉफीनें बुडविलें व बर्फानें तारलें! त्याचा पैसा अर्थात् येथल्या साहेबांच्या व धनिकांच्या पेल्यांतून जात होता. मुंबईस हा बर्फ १८३४ मध्यें आला. जमशेटजी जीजीभाई यांनीं त्या वर्षीं आपल्या मेजवानींत आइस्क्रीम दिलें, आणि यजमान व पाहुणे सर्वांनाच पडसें झालें, असें सांगतात. मद्रासचें बर्फाचें कोठार अद्याप उभें आहे. १८९७ मध्यें स्वामी विवेकानंद तेथें राहिले होते, म्हणून आज तें त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. १८७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत यंत्रानें बर्फ करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि बोस्टनचा व्यापार संपला.

बोस्टनचा कॉफीशीं असलेला हिशेब मात्र संपला नव्हता. त्या भागांत आइस्क्रीम घालून घुसळलेल्या दाट दुधाला ‘फ्रॅप’ म्हणण्याची रीत आहे. जॉर्ज हॉवेल यांच्या ‘कॉफी कनेक्शन’ या बोस्टनमधील दुकानांत १९९२ मध्यें बर्फाळ कॉफीचें एक पेय निघालें व या ‘फ्रॅप’ला कापुचिनोचें शेंपूट जोडून त्याचें ‘फ्रॅपुचिनो’ असें नामकरण झालें. १९९४ मध्यें स्टारबक्स कंपनीनें तीं दुकानें विकत घेतलीं व १९९५ पासून नांव तेंच ठेवून हें पेय सर्वत्र आणलें. आरंभींच्या दोन प्रकारांतील एक मोका होता. ग्रीक लोक यावर हंसतील. त्यांच्याकडे १९५७ च्या थेस्सालोनिकीच्या प्रदर्शनांत एका विक्रेत्याला ऊन पाणी मिळेना, म्हणून त्यानें विरघळणारी कॉफी थंड पाण्याबरोबर हलवून फेंसाळ केली, आणि तेव्हांपासून तेथें ‘फ्रापे’ रूढ आहे. कोण पहिला, हा वाद मला निरर्थक वाटतो; थंड कॉफी करण्यास जगांत एकाच माणसाला सुचावें अशी ती दुर्मिळ कल्पना नव्हे.

घरीं हें पेय होऊं लागलें तें दोन यंत्रांमुळें. एक, शीतकपाट. दुसरें मिक्सर, ज्याचें पातें भांड्याच्या तळाशीं असतें. अशा भांड्याची सनद अमेरिकेंत स्टीफन पोप्लाव्स्की यांनीं १९२२ मध्यें घेतली, तीहि दुकानांतील दुधाचीं पेयें घुसळण्यासाठींच. आपल्याकडे परदेशी यंत्रें ओल्या वाटणाखालीं जळून जात; १९६३ च्या सुमारास माधुरी माथुर यांचें असेंच एक यंत्र बंद पडलें, तेव्हां त्यांचे अभियंता पति सत्यप्रकाश माथुर यांनीं अधिक बळाची मोटार घालून ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. चटणी, पुरण व इडलीचें पीठ यांसाठीं घरांत आलेलें हें यंत्र कॉफीला सहज पुरतें. तिसऱ्या एका यंत्राचेंहि ऋण आहे: १८२८ मध्यें हॉलंडांत फान हाउटेन यांनीं कोकोंतील बरीचशी चरबी दाबून काढण्याची युक्ति काढली. ती निघाली नसती तर थंड दुधावर कोकोचें लोणी गोळे होऊन तरंगलें असतें.

स्फोटानंतर आम्हीं पुष्कळ प्रयोग केले. त्यांतला टिकलेला असा आहे. दोन पेल्यांसाठीं पेलाभर पाण्यांत चार चमचे पूड टाकून कडक कॉफी करावी व गाळावी. ऊन असतांनाच दीड चमचा कोको थोड्या कॉफींत कालवून तिच्यांत मिळवावा, कारण थंडींत त्याच्या गुठळ्या होतात. तीन चमचे साखर व चिमटीभर मीठहि तेव्हांच. निवल्यावर हें सारें बर्फाच्या साच्यांत ओतून रात्रभर गोठवावें. नुसत्या पाण्याचा बर्फ घातला तर तो विरघळतां विरघळतां कॉफी पाणचट करितो. कॉफीच गोठविली तर विरघळूनहि ती कॉफीच राहते. ट्यूडरला हें सुचलें असतें तर त्याचे दोन धंदे एका साच्यांत बसले असते. दुसऱ्या दिवशीं ते तुकडे व पेलाभर थंड दूध मिक्सरमध्यें थांबत थांबत फिरवावें. दुकानांतल्यासारखा दाटपणा टिकत नाहीं. तेथें त्यासाठीं डिंकासारखा पदार्थ घालतात. दहा मिनिटांत पाणी खालीं व फेंस वर होतो, म्हणून गप्पा मागाहून माराव्या.

फरशी पुसून होईतों माझें हें आख्यान मोख्याला परत आलें होतें. आतां तिथें काय आहे, असें तिनें विचारलें. मीं सांगितलें कीं मोख्याचें पुढें एक लहानसें गांव उरलें, आणि येमेनच्या यादवी युद्धांत २०१७ च्या आरंभीं त्याच्यासाठीं लढाई झाली. ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग भिंतीवरच्या नकाशांत तें आम्हीं शोधिलें; एडनच्या वर, समुद्र चिंचोळा होतो तेथें तें बारीक अक्षरांत होतें. छतावरच्या डागाकडे बोट दाखवून ती म्हणाली, हा तांबडा समुद्र आणि हा कोपरा मोखा. दिवाळीपूर्वीं रंगारी यावयाचा आहे. तेवढा कोपरा ठेवावयाचा कीं नाहीं, यावर घरांत अद्याप एकमत नाहीं.