मुंगीपर्यंत पोचायला पाच वर्षं

१ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं इंग्रजी भाषेच्या एका नव्या शब्दकोशाचा करार केला. संपादक होते जेम्स मरे, लंडनजवळच्या मिल हिल शाळेतले मास्तर. ठरलं ते असं: चार खंड, साधारण ६,४०० पानं, दहा वर्षं. पहिला भाग बाजारात आला फेब्रुवारी १८८४ मध्ये. ३५२ पानांच्या त्या भागात 'ए'पासून 'अँट'पर्यंतचे शब्द होते. अँट म्हणजे मुंगी. निम्मी मुदत संपली होती आणि काम मुंगीपर्यंत आलं होतं.

कोश पुरा झाला १९२८ मध्ये. १५,००० हून जास्त पानं, ४ लाखांहून जास्त शब्द, १८ लाखांहून जास्त अवतरणं. पानं अडीचपट, वेळ जवळपास पाचपट. आज आपण ज्याला ओईडी म्हणतो तो हा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. मरे तो पूर्ण झालेला बघायला नव्हते. १९१५ मध्ये ते गेले तेव्हा 'टी' अक्षर चालू होतं.

ही गोष्ट बहुतेक वेळा एका दाढीवाल्या ऋषीची म्हणून सांगितली जाते. शिंप्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, मधे काही काळ लंडनला चार्टर्ड बँक ऑफ इंडियात कारकुनी, आणि मग स्वतःच्या बळावर डझनभर भाषा शिकलेला विद्वान. त्याच्या मागे सतत पानं मोजत फिरणारे प्रेसचे कोत्या मनाचे लोक. सिनेमाला ही मांडणी सोयीची आहे. पण मला त्या पानं मोजणाऱ्यांमध्ये जास्त रस आहे. पुस्तकाच्या धंद्यात ज्याला आज आपण प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो तो माणूस त्या काळी कुणाच्या व्हिजिटिंग कार्डावर नव्हता. काम मात्र होतंच: मजकूर कधी येणार, किती पानांचा येणार, छापखान्यातली किती जुळणी अडकून पडणार, प्रुफात किती फिरवाफिरवी होणार आणि या सगळ्याचे पैसे कोण देणार.

पहिला प्रश्न असा पडतो की एवढ्या हुशार लोकांचा अंदाज इतका चुकला कसा?

अंदाज हवेतून काढलेला नव्हता. त्यांच्याकडे एक माप होतं. अमेरिकेतला वेबस्टरचा १८६४ चा कोश तेव्हा सगळ्यांच्या टेबलावर असायचा. त्याच्या एका पानातले शब्द आपल्या कोशात किती पानं घेतील, यावरून सगळा हिशेब. वेबस्टरच्या चौपट म्हटलं की सहा हजारांच्या आसपास पानं होतात. आपण आजही असंच करतो: मागच्या प्रोजेक्टला इतके दिवस लागले होते, हे त्याच्या दुप्पट वाटतंय, लिहा दुप्पट दिवस. अडचण अशी की वेबस्टर शब्दाचा अर्थ सांगत होता आणि मरे शब्दाचं चरित्र लिहिणार होते. शब्द पहिल्यांदा कधी लिहिला गेला, अर्थ कुठे वळला, कधी मेला, हे सगळं पुराव्यासकट. माप एका जातीच्या वस्तूचं, काम दुसऱ्या जातीचं.

शिवाय हातात काय तयार आहे याबद्दलही सगळे अंधारात होते. कोशाची कल्पना १८५७ ची, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीची. (त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. सरकारी पैशावर, पण निघाली.) सोसायटीचा पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज. त्यानं चिठ्ठ्या ठेवायला ५४ खणांचं कपाट करून घेतलं. त्याला वाटत होतं, दोनेक वर्षांत पहिला भाग छापायला देऊ. १८६१ मध्ये, वयाच्या तिशीत तो वारला. मग आले फ्रेडरिक फर्निव्हल. माणूस प्रचंड उत्साही, पण दर महिन्याला नवी संस्था काढणारा. स्वयंसेवक पुस्तकं वाचत, शब्द आणि त्याचं वाक्य चिठ्ठीवर उतरवत, पाठवत. वीस वर्षं हे चाललं. करार झाला तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की कच्चा माल तयार आहे, आता फक्त रांधायचं आहे.

मग फर्निव्हलकडून माल आला. जवळपास दोन टन चिठ्ठ्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरीण पिल्लांसकट नांदत होती. 'एच' अक्षर इटलीत फ्लॉरेन्सला कुणाकडे तरी होतं. 'पी'चा एक तुकडा आयर्लंडमधल्या तबेल्यात सापडला, त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या. मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची शेड बांधली, तिला स्क्रिप्टोरियम असं भारदस्त नाव दिलं आणि आत हजारावर खण केले. स्वतःच्या मुलांना खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या लावायला बसवलं. त्यांना एकूण अकरा मुलं झाली, मनुष्यबळाचा प्रश्न नव्हता.

उंदरांपेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. वाचकांनी दुर्मिळ शब्द हौसेनं टिपले होते आणि रोजचे सोडून दिले होते. 'अब्यूजन' या कुणी न वापरणाऱ्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या, आणि 'अब्यूज' या साध्या शब्दाच्या पाचसुद्धा नाहीत! साहजिक आहे. वाचताना विचित्र शब्दाला डोळा अडकतो, 'करणे' आणि 'येणे'ला नाही. पण कोशात सगळ्यात जास्त जागा आणि वेळ नेमके हेच शब्द खातात. 'सेट' या एका तीन अक्षरी शब्दानं पुढे अठरा पानं घेतली. म्हणजे सोपा माल भरपूर होता, अवघड माल गोळाच झाला नव्हता, आणि अंदाज दोन टन वजन बघून केला होता.

मरे यांनी जाहीर आवाहन काढलं, नवे वाचक मागितले. सगळ्यात मोलाची मदत केली ती फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन माणसानं. याचं आयुष्य हिंदुस्थानात घडलेलं. बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवलं, १८५७ मध्ये मध्य प्रांतातल्या सागरच्या किल्ल्यात महिनोन्‌महिने वेढ्यात अडकला. पुढे इंग्लंडात विद्वानांशी भांडून एका खेड्यात जाऊन बसला आणि तिथून सुमारे वीस वर्षं रोज काही तास मरेंची प्रुफं तपासत राहिला. एक पैसा न घेता.

आता पैशाकडे येऊ. करारात मरेंसाठी ठरावीक रक्कम होती आणि मदतनिसांचे पगार त्यांनी त्यातूनच द्यायचे होते. काम लांबेल तितका दर महिन्याचा खर्च चालू आणि येणारी रक्कम तेवढीच. आपल्याकडे याला फिक्स्ड बिड म्हणतात, आणि अंदाज चुकला तर तो कुणाच्या खिशातून जातो हे त्यात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. मरे कर्जात गेले. बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर हेन्री हक्स गिब्ज हे कोशाचे मित्र, त्यांनी पैसे उसने दिले आणि प्रेसशी भांडणं झाली की मध्यस्थीही केली. १८८३ मध्ये भांडण इतकं विकोपाला गेलं की मरे सोडून जायला निघाले होते. प्रेसचा कारभार बघणारं प्राध्यापकांचं मंडळ, त्यांना डेलिगेट्स म्हणत. त्यांनी अवतरणं कुठून घ्यावीत यावर सूचना धाडल्या, वर मरेंची प्रस्तावनाही परस्पर बदलली. ही मात्र शुद्ध लुडबुड होती, तिचं समर्थन करायचं कारण नाही.

१८८४ मध्ये प्रेसचे सेक्रेटरी म्हणून फिलिप लिटलटन गेल आले. गोष्टीतले खलनायक ते हेच. कॅसेल या लंडनच्या व्यापारी प्रकाशनसंस्थेतून आलेले, म्हणजे पुस्तक विकून पगार काढण्याची सवय असलेले. त्यांच्या टेबलावर काय होतं बघा. बायबल विकून प्रेस पैसे कमवत होती आणि कोशात घालत होती. मरे आणि त्यांचे सहकारी प्रुफावर इतका बदल करत की जुळणीचा खर्च पुन्हा पुन्हा पडे. भाग कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे वर्गणीदार टिकत नाहीत. गेल सतत हिशेब मागत राहिले: किती पानं झाली, वेबस्टरच्या किती पट झाली? मरेंना ते जिव्हारी लागे. तोवर शाळेची नोकरी सोडून ते १८८५ मध्ये ऑक्सफर्डला आले होते आणि नव्या स्क्रिप्टोरियममध्ये बसत. शेजारच्या प्राध्यापकांच्या खिडकीतून दिसणारा देखावा बिघडू नये म्हणून ही शेड जमिनीत तीनेक फूट खाली बसवली होती. आत ओल आणि थंडी एवढी की मदतनीस पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून काम करत. अशा ठिकाणी बसलेल्या माणसाला पानांचा आकडा विचारणारी चिठ्ठी आली तर तो काय म्हणेल, याची कल्पना करता येते.

तरीही कोश पुरा होण्यामागे याच काळातले दोन निर्णय आहेत असं मला वाटतं. एक, दुसरा संपादक. हेन्री ब्रॅडली या माणसानं पहिल्या भागाचं इतकं जाणकार परीक्षण लिहिलं होतं की त्याला कामालाच घेतलं. १८८८ पासून तो 'ई' अक्षरापासून स्वतंत्र काम करू लागला. नंतर क्रेगी, नंतर अनियन्स. फ्रेड ब्रूक्स यांचं १९७५ चं एक पुस्तक आमच्या धंद्यात धर्मग्रंथासारखं सांगतात: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. कोशाला हा नियम अर्धाच लागू पडला. वर्णमाला कापून वाटता येते, 'ई'वाल्याला 'सी'वाल्यासाठी थांबावं लागत नाही. पण किती लिहायचं याचं माप वाटता आलं नाही. ब्रॅडलीचं प्रमाण मरेंच्याही पुढे फुगत गेलं.

दुसरा निर्णय म्हणजे १८९५ पासून कोश चौसष्ट पानांच्या पातळ हप्त्यांत यायला लागला. दर तिमाहीला एक, किंमत अर्धा क्राउन. आधी साडेबारा शिलिंगांचा जाडजूड भाग यायचा आणि त्याची वाट बघत वर्षं जायची. आता वाचकाला तीन महिन्यांनी काहीतरी हातात पडू लागलं, प्रेसला थोडे पैसे दिसू लागले, आणि संपादकांपुढे वर्षाऐवजी तीन महिन्यांची तारीख आली. त्यांच्यावर ताण आला, पण वेगही आला.

१८९६ मध्ये मात्र फुटलंच. डेलिगेट्सचा आग्रह होता की कोश वेबस्टरच्या सहापटीच्या आसपास राहिला पाहिजे. कोश गुंडाळणार अशी कुणकुण वर्तमानपत्रांत पोचली, ओरड झाली आणि मंडळाला माघार घ्यावी लागली. १८९८ मध्ये गेल यांच्या जागी चार्ल्स कॅनन आले. त्याआधीच्या वर्षी कोश व्हिक्टोरिया राणीला अर्पण झाला होता. एकदा राष्ट्राचं काम ठरलं की तोट्याचा ताळेबंद कुणी मोठ्यानं वाचत नाही. शेवटी पानं दहापट झाली, खर्च सुमारे ३ लाख पौंड. मरे जिंकले आणि ते जिंकले हे बरंच झालं. पण सहापटीची ओरड कुणी केलीच नसती तर ब्रॅडलीच्या प्रमाणानं 'झेड' कधी आला असता, हा हिशेब करून बघावा.

घाईच्या खुणाही कोशात आहेत. 'बाँडमेड' या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या आणि तो भाग छापून गेल्यावर सापडल्या. 'अपेंडिसायटिस' मरे यांनी वैद्यकाच्या प्राध्यापकाच्या सल्ल्यानं गाळला, अतितांत्रिक म्हणून. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक नेमका त्याच दुखण्यानं पुढे ढकलला गेला आणि तो शब्द घरोघरी पोचला. शेवटी 'डब्ल्यू' रखडला, 'एक्स', 'वाय', 'झेड' आधी निघाले. 'डब्ल्यू'च्या काही शब्दांवर १९१९-२० मध्ये लष्करातून परतलेला एक तरुण बसला होता, 'वॉलरस'ची व्युत्पत्ती पुन्हा पुन्हा लिहीत. त्याचं नाव जे. आर. आर. टोल्किन.

६ जून १९२८ रोजी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मेजवानी झाली. १९०५ मध्ये एका खंडासाठी ५,००० पौंड देणाऱ्या गोल्डस्मिथ्स कंपनीचाच तो हॉल. पंतप्रधान बाल्डविन बोलले. मरेंची मुलगी रॉझफ्रिथ आणि ब्रॅडलींची मुलगी एलेनॉर वर्षानुवर्षं कोशाच्या कचेरीत काम करत होत्या, पण टेबलावर फक्त पुरुष होते. कोशासाठी राबलेल्या मोजक्या बायकांना वरच्या सज्जात जागा मिळाली, खालचं जेवण बघायला. आणि खाली भाषणं चालू होती तेव्हा ऑक्सफर्डमध्ये पुरवणीच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात झालेली होती. ती १९३३ मध्ये आली. तिच्यात 'बाँडमेड' आहे.