इशारा निघाला, पोहोचला कधी?

भोरहून हिर्डोशीमार्गे वरंध घाटाकडे जाणारा रस्ता हिरडस मावळातून जातो. याच मावळचे बाजीप्रभू देशपांडे जुलै 1660 मध्ये घोडखिंड अडवून उभे राहिले, विशाळगडावरून होणाऱ्या इशाऱ्याच्या तोफेच्या आवाजाची वाट पाहत. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. पण इशाऱ्याचा वेळ तेवढ्यावर भागत नाही. बत्ती द्यायची, आवाज डोंगरांतून यायचा, लढाईच्या गदारोळात तो ऐकू यायचा आणि मग पुढची हालचाल व्हायची.

संगणकात एक थ्रेड (चालू प्रोग्राममधला कामाचा एक धागा) दुसऱ्याला सिग्नल देतो तेव्हाही हेच टप्पे पडतात, फक्त हिशेब मायक्रोसेकंदांचा असतो. तो मांडण्यासाठी लिनक्सच्या टर्मिनलवरून चालवायचं एक छोटं साधन आहे: सिग्नलटेस्ट.

त्याचं कूळ जुनं आहे. युनिक्समध्ये सिग्नल हा मुळात चालू प्रोसेसला थांबवण्याचा, दचकवण्याचा मार्ग. एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडना पॉझिक्स मानकात जागा मिळाली ती 1995 मध्ये. लिनक्सवर झेवियर लेरॉय यांनी लिनक्सथ्रेड्स लिहिलं, पण सुरुवातीला थ्रेडचा आपसातला कारभार चालवायलाच त्यात दोन सिग्नल खर्ची पडत आणि प्रोग्रामरला ते वापरता येत नसत. उलरिख ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांच्या नव्या थ्रेड-व्यवस्थेने 2003 च्या सुमारास लिनक्सथ्रेड्सची जागा घेतली.

सिग्नलचा वेळ मोजण्याची खरी निकड आली ती पुढे. 2004 मध्ये मोल्नार यांनी लिनक्सला रिअल-टाइम बनवणाऱ्या बदलांचं काम हाती घेतलं. यंत्राचा हात ठरलेल्या क्षणी थांबला नाही तर अपघात होतो, तिथे ‘बहुधा वेळेत’ हे उत्तर चालत नाही. जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर या कामाचे आधारस्तंभ. टायमर किती उशिरा जागा करतो हे मोजणारं त्यांचं सायक्लिकटेस्ट प्रसिद्ध आहे. सिग्नलटेस्ट हे त्याचं 2007 चं धाकटं भावंड.

त्याची रचना फार सुंदर आहे. थ्रेड वर्तुळात मांडलेले असतात. प्रत्येक जण घड्याळ पाहतो, शेजाऱ्याला सिग्नल देतो आणि आपल्याकडे सिग्नल परत येईपर्यंत थांबतो. परत आला की पुन्हा घड्याळ. पहिली फेरी हिशेबात धरत नाहीत. दर सोळा फेऱ्यांनंतर पहिला थ्रेड थोडी डुलकी घेतो.

या फेरीत वेळ कुठे जातो? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सिग्नलची नोंद करतो, झोपलेल्या थ्रेडला उठवतो, मग शेड्युलर त्याला प्रोसेसर देतो. प्रोसेसर वीज वाचवायला गाढ झोपला असेल, तर त्यालाही आधी उठवावं लागतं. मेमरीचं पान जागेवर नसेल तर आणखी खोळंबा. म्हणूनच थ्रेडला रिअल-टाइम प्राधान्य देण्याचा आणि मेमरी जागच्या जागी अडकवून ठेवण्याचा पर्याय आदेशातच आहे.

वर्तुळाची फेरी मोजली तरी एकेरी प्रवास कळत नाही. ती उणीव 2009 मध्ये कार्स्टन एम्डे यांच्या सिगवेटटेस्टने भरून काढली: पाठवणारा निघण्याची वेळ नोंदवतो, घेणारा पोहोचण्याची. दोन थ्रेडऐवजी दोन वेगळ्या प्रोसेसही त्यात घेता येतात.

पडद्यावर किमान, चालू, सरासरी आणि कमाल असे आकडे येतात. नजर जाते सरासरीकडे. पाहायचा असतो तो कमाल. लाखो फेऱ्या झटपट झाल्या आणि एकच अडखळली, तरी रिअल-टाइम यंत्रणेसाठी ती एकच फेरी महत्त्वाची. त्यातही निवांत संगणकावर आलेला कमाल आकडा विश्वासाचा नाही. म्हणून ही साधनं ज्यात येतात त्या आरटी-टेस्ट्स या संचात हॅकबेंचही दिलेलं आहे: ते यंत्रावर कामांचा भडिमार करतं आणि शेजारच्या टर्मिनलवर सिग्नलटेस्ट चालू ठेवायचं.

रिअल-टाइम बदलांचा मुख्य गाभा अखेर 2024 मध्ये लिनक्सच्या 6.12 आवृत्तीत मूळ कर्नलचा भाग झाला, काम सुरू झाल्यापासून वीस वर्षांनी.